इयत्ता बाजूला ठेवून पाडलेले गट : हरियाणातल्या एका तासाचं प्रकरण

वर्गात गट पाडायचे म्हटलं की साधारण तीन तऱ्हा दिसतात. हजेरीपटाच्या क्रमानं पाच-पाच मुलं मोजायची. बाकांच्या रांगेप्रमाणे गट करायचे. नाहीतर प्रत्येक गटात एक ‘हुशार’ मूल गटप्रमुख म्हणून बसवायचं आणि बाकीची त्याच्याभोवती भरायची. परिसर अभ्यासाच्या प्रकल्पाला किंवा विज्ञानाच्या प्रयोगाला यातली कुठलीही तऱ्हा चालून जाते. वाचायला शिकवताना मात्र ती चालत नाही. पाचवीच्या एकाच वर्गात कुणी गोष्टीचं पुस्तक सलग वाचतं, कुणी सुटे शब्द वाचतं, तर कुणी अजून अक्षरांवरच अडलेलं असतं. अशा मिश्र गटात गटप्रमुख वाचतो, बाकीचे ऐकतात आणि अडलेलं मूल वर्षअखेरीस आहे तिथंच असतं.

मग वाचनाच्या पायरीप्रमाणे गट पाडायचे का? पाडले तर ते कुणी, कधी आणि किती वेळासाठी पाडायचे? याचं नीट तपासता येईल असं उत्तर हरियाणातल्या सरकारी प्राथमिक शाळांमधून मिळालं. शैक्षणिक वर्ष २०१२-१३, जिल्हे महेंद्रगड आणि कुरुक्षेत्र, शाळा ४००. त्यांपैकी निम्म्या शाळांमध्ये तिसरी ते पाचवीची मुलं रोज एक तास आपापली इयत्ता सोडून वाचनस्तराप्रमाणे बसली. उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या होत्या. उपक्रम ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा आणि राज्याच्या शिक्षण विभागाचा होता. मोजमाप स्वतंत्र संशोधकांनी केलं. त्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आधी काय फसलं होतं

हरियाणाचा तास असाच सुचलेला नाही. त्यामागे दहा वर्षांची खटपट आहे आणि तिची सुरुवात मुंबईत झाली.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या गेल्या. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली तरुणी. तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन मिळे. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसे. दुसऱ्या वर्षी त्या शाळांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनानं वाढले. साध्या भाषेत सांगायचं तर गुणांप्रमाणे उभ्या केलेल्या शंभर मुलांच्या रांगेत ५०व्या जागी असलेलं मूल साधारण ६१व्या जागेपर्यंत सरकलं. ही वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांमुळे होती. मूळ वर्गात उरलेल्या मुलांचा वर्ग दोन तास छोटा झाला, तरी त्यांना त्याचा फायदा झाला नाही. गट लहान असणं आणि गट योग्य असणं यांतला फरक इथं स्पष्ट दिसतो. ‘पट कमी झाला की सगळं सुधारेल’ असं म्हणताना हा निष्कर्ष आठवावा.

पण असं मनुष्यबळ प्रत्येक शाळेत कुठून आणणार? म्हणून पुढच्या टप्प्यात बिहार आणि उत्तराखंडमध्ये हेच काम सरकारी शिक्षकांकडे दिलं. बिहारमध्ये २००८च्या उन्हाळी सुट्टीत महिनाभराचं शिबिर झालं. शिक्षक नेहमीचेच होते, सुट्टीतल्या कामाचे त्यांना वेगळे पैसे मिळाले, मुलं फक्त मागे पडलेली होती आणि पाठ्यक्रम आड येत नव्हता. तेवढ्या अवधीतही मुलांचं वाचन सुधारलं. शाळा सुरू झाली, त्याच शिक्षकांना तेच प्रशिक्षण आणि तेच साहित्य मिळालं, आणि फरक शून्य. शिक्षकांनी कारण सांगितलं ते आपल्याकडेही रोज ऐकू येतं: पाठ्यपुस्तक पूर्ण करायचं आहे. उत्तराखंडमध्ये मदतीला आलेल्या स्वयंसेवकांना शाळांनी आपल्या शिक्षकांसारखंच वापरलं, त्यांच्याकडे इयत्तेचे वर्ग सोपवले, आणि गट बनलेच नाहीत.

शिबिरात शिकवू शकणारा शिक्षक वर्गात का शिकवू शकला नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याला पद्धत येत होती. त्याला ना वेगळा वेळ मिळाला होता, ना इयत्ता मोडण्याची परवानगी.

हरियाणात काय बदललं

तीन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे शाळेचा दिवस एका तासानं वाढवला आणि तो तास या कामासाठी राखून ठेवला. इथे संशोधकांची एक खबरदारी मोलाची आहे. तुलनेच्या शाळांनाही जादा तासाचा आदेश होता. त्यामुळे नंतर दिसलेला फरक नुसत्या जास्त वेळामुळे पडला, असं म्हणायला जागा उरली नाही.

दुसरी, त्या तासाला तिसरी-चौथी-पाचवी हे वर्ग खरोखर मोडले. मुलं दप्तर घेऊन उठली आणि आपल्या स्तराच्या खोलीत जाऊन बसली. एकाच खोलीत कोपरे वाटून घेण्यापेक्षा हे वेगळं आहे. मुलं खोली बदलतात तेव्हा शिक्षकाच्या हातातलं इयत्तेचं पाठ्यपुस्तकही बाजूला पडतं, कारण समोरच्या मुलांच्या इयत्ता तीन आहेत. गट झाल्यानंतर शिक्षक वाटून घेतले, म्हणजे मुलं शिक्षकाप्रमाणे न विभागता शिक्षक मुलांप्रमाणे विभागले गेले.

तिसरी गोष्ट पर्यवेक्षकांची. आपल्याकडे केंद्रप्रमुख असतात, तसे तिथे गट (म्हणजे तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग) साधन केंद्राचे सहायक समन्वयक. त्यांनी चार दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि मग १५-२० दिवस स्वतः वर्गात उभं राहून याच पद्धतीनं शिकवलं. त्यानंतरच त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि शाळाभेटी सुरू केल्या. आमच्या मते सगळ्या रचनेचा कणा हाच. ज्यानं स्वतः तीन आठवडे अक्षर-गट हाताळला आहे, त्याच्या भेटीत शिक्षक ‘हे कागदावर ठीक आहे’ म्हणू शकत नाही.

मुलाची पायरी कशी ठरवायची

गटांचा पाया तोंडी चाचणी. एका वेळी एक मूल, समोर एकच कागद. ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५पासून वापरात असलेलं साधनच इथं कामी येतं. कागदावर चार भाग असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार छोट्या वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट.

सुरुवात परिच्छेदापासून करायची. परिच्छेद सलग आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला, तर गोष्ट द्यायची. ती वाचली तर ‘गोष्ट’ स्तर, नाही तर ‘परिच्छेद’ स्तर. नाही जमला तर शब्दांवर यायचं, पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर ‘शब्द’ स्तर. तेही नाही तर अक्षरं, पाचपैकी चार बरोबर आली तर ‘अक्षर’ स्तर. उरलेली मुलं ‘प्रारंभिक’.

नवखा तपासनीस सगळ्यात जास्त चुकतो परिच्छेदावर. मूल बोट ठेवून वाचतंय: ‘राजू… के… पास… एक…’. प्रत्येक शब्द बरोबर आहे, एकही चूक नाही. कागदावर ‘परिच्छेद’ची खूण करायचा मोह होतो. पण हे मूल वाक्य वाचत नाहीये, शब्दांची यादी वाचतंय. दर शब्दापाशी ते थांबतं, आणि वाक्य संपेपर्यंत पहिला शब्द त्याच्या डोक्यातून निसटलेला असतो. त्याची जागा ‘शब्द’ स्तरातच आहे. त्याला परिच्छेदाच्या गटात बसवलं तर ते महिनाभर मागच्या रांगेत ओठ हलवत राहील.

चाचणीची जागाही महत्त्वाची. वर्गात रांगेनं एकेक मूल पुढे बोलावलं, तर पाचव्या मुलापर्यंत परिच्छेद सगळ्यांना पाठ झालेला असतो. व्हरांड्याच्या टोकाला दोन पाट किंवा सतरंजीचा तुकडा टाकावा आणि कागदाचे निदान दोन-तीन नमुने आलटून पालटून वापरावेत. एका मुलाला काही मिनिटंच लागतात. शंभराच्या आसपास पट असलेल्या शाळेत तीन शिक्षक मिळून दोन-तीन दिवसांत हे काम संपवू शकतात. पहिल्या चाचणीवर परीक्षेसारखी घाई करू नये, गुण देऊ नयेत आणि पालकांना आकडा कळवू नये.

गटांचं गणित

पाच स्तर म्हणजे पाच गट, असं नाही. शिक्षक तीन असतील तर गट तीन: प्रारंभिक आणि अक्षर मिळून एक, शब्द दुसरा, परिच्छेद आणि गोष्ट मिळून तिसरा.

हिशेबासाठी एक नमुना घेऊ. तिसरी ते पाचवीची ९० मुलं आहेत. चाचणीत प्रारंभिक १४, अक्षर २७, शब्द १९, परिच्छेद १६, गोष्ट १४ निघाली. गट झाले ४१, १९ आणि ३०चे. आता शाळेतली खरी रस्सीखेच सुरू होते, कारण सगळ्यात मोठा गट सगळ्यात खालच्या पायरीवरचा आहे. तो कुणी घ्यायचा? सवयीनं तो नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाकडे जातो आणि ज्येष्ठ शिक्षक गोष्टीचा गट घेतात. हे उलट व्हायला हवं. अक्षर-गटाला शाळेतला सगळ्यात कसलेला शिक्षक लागतो, आणि ४१ मुलं असतील तर त्याच्यासोबत मदतनीसही. तिसऱ्या गटातली गोष्ट वाचणारी १४ मुलं अर्धा तास आपली आपण काम करू शकतात. त्यांना पुस्तकं, लिहिण्याचं काम आणि एकमेकांना प्रश्न विचारण्याची मोकळीक पुरते. तिथला शिक्षक थोडा मोकळा होतो, त्याची मदत पहिल्या गटाकडे वळवता येते.

तासाची मांडणी मोठ्या गटाकडून एकट्या मुलाकडे जाते. पहिली दहा मिनिटं शिक्षक बोट फिरवत, स्पष्ट उच्चारात एक छोटा परिच्छेद सगळ्यांना वाचून दाखवतात. तो अक्षर-गटालाही वाचून दाखवायचा असतो, नाहीतर त्या मुलांच्या वाट्याला वर्षभर सुटी अक्षरंच येतात आणि वाचनाला अर्थ असतो हे त्यांना कळतच नाही. पुढची दहा मिनिटं त्यावर गप्पा. मग वीस मिनिटं चार-पाच मुलांच्या छोट्या टोळक्यांत काम: अक्षर-गटासाठी बाराखडीचा मोठा तक्ता, त्यावर ‘क का कि की’ म्हणत पुढे जायचं, जमिनीवर खडूनं काढलेल्या चौकोनांत उड्या मारायच्या, तक्त्यातली अक्षरं जोडून शब्द बनवायचे. शब्द-गट एका शब्दाभोवती आठवतील ते शब्द लिहून त्यांची वाक्यं करतो. उरलेला वेळ प्रत्येकानं आपल्या वहीत काहीतरी लिहायचं. प्रारंभिक मुलंही लिहितात. रेघोट्या झाल्या तरी चालतील, पण पाटी कोरी राहता कामा नये.

काय निष्पन्न झालं

वर्षअखेरीच्या चाचणीत या शाळांमधल्या मुलांचं हिंदी वाचन तुलनेच्या शाळांपेक्षा ०.१५ प्रमाण विचलनानं पुढे होतं. शंभराच्या रांगेत ५०व्या जागेवरचं मूल साधारण ५६व्या जागी आलं, असं समजा. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण बिहार आणि उत्तराखंडच्या वर्गांत शिक्षकांच्या हातून शून्य फरक पडला होता, आणि इथे कुठलाही जादा माणूस न घेता शाळेच्या नेहमीच्या शिक्षकांनी हे साधलं. गणितात फरक पडला नाही, कारण तो तास हिंदीचा होता. गटात बसल्यामुळे मुलं एकूणच ‘तल्लख’ होतात, असा समज कुणाचा असेल तर तो इथे सोडावा. ज्या विषयाचे गट, त्याच विषयाचं फळ.

हरियाणात त्याच वेळी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही, म्हणजे वर्षभर मुलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवण्याच्या पद्धतीचीही, तशीच तपासणी झाली. त्यात मुलांच्या पायऱ्यांच्या नोंदी भरपूर होत होत्या, पण बसण्याची व्यवस्था तीच, इयत्ता त्याच. त्याचा मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. नोंदवह्या भरण्यात शिक्षकांचे किती तास जातात हे माहीत असलेल्या कुणालाही हे वाचून वाईट वाटेल. मुलाची पायरी माहीत असूनही त्याला हलवलं नाही, तर ती माहिती कपाटात पडून राहते.

पुढच्या वर्षी, २०१३-१४मध्ये, उत्तर प्रदेशच्या उन्नाव आणि सीतापूर जिल्ह्यांत हीच गटरचना शिबिरांच्या रूपात केली. तिथे शाळेतल्या शाळेतच संस्थेचे कार्यकर्ते शिकवत होते, काही शाळांत दहा-दहा, तर काहींत वीस-वीस दिवसांच्या फेऱ्यांत. वाढ ०.६ ते ०.७ प्रमाण विचलनापर्यंत गेली. परिच्छेद किंवा गोष्ट वाचू शकणारी मुलं तुलनेच्या शाळांत सुमारे २४ टक्के होती, शिबिरांच्या शाळांत जवळपास त्याच्या दुप्पट. हा फरक प्रामाणिकपणे मांडायला हवा. बाहेरचा कार्यकर्ता गट मोडू देत नाही, शिबिराच्या दिवसांत दुसरं काही करत नाही. शाळेतल्या शिक्षकाला मात्र त्याच तासात पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहितीही भरायची असते. शिक्षकांना दोष देण्याआधी त्यांच्या तासाला कुंपण घाला.

गट कुठे मोडतात

पहिला महिना बरा जातो, घसरण त्यानंतर सुरू होते. सगळ्यात आधी इयत्ता परत येते. तपासणी जवळ आली किंवा घटक चाचणी लागली की एखादा दिवस ‘आज आपापल्या वर्गात बसा’ होतो, आठवड्यानं दोन दिवस होतात, आणि दिवाळीनंतर गट फक्त शाळाभेटीच्या दिवशी दिसतात. यावर एकच उपाय चाललेला दिसतो: वेळापत्रकात त्या तासासमोर इयत्ता लिहायचीच नाही, गटाचं नाव लिहायचं.

नावांचंही जपावं लागतं. ‘अ, ब, क’ किंवा ‘प्रगत-अप्रगत’ अशी नावं पहिल्याच दिवशी मुलांना अर्थ सांगून जातात. ज्यांत वर-खाली काही नाही अशी झाडांची, नद्यांची नावं बरी. पाचवीतला थोराड मुलगा तिसरीतल्या मुलांबरोबर अक्षर-गटात बसतो तेव्हा त्याची लाज खरी असते. ती नाव बदलून पूर्ण जात नाही. त्याला तिथून लवकर बाहेर पडता येतं हे दिसलं की ती कमी होते. म्हणून फेरचाचणी आणि बदल महिन्याभराच्या आत झाले पाहिजेत. दोन-चार मुलं वरच्या गटात जाताना बाकीच्यांनी पाहिली, की तो गट शिक्षा वाटेनासा होतो.

हेच गट दिवसभर, वर्षभर ठेवावेत का? केनियात २००५पासून एक प्रयोग झाला. १२१ प्राथमिक शाळांना पहिलीसाठी एक जादा शिक्षक मिळाला, आणि त्यांपैकी निम्म्या शाळांत मुलं सुरुवातीच्या गुणांप्रमाणे दोन तुकड्यांत विभागली. अठरा महिन्यांनी दोन्ही तुकड्यांतली मुलं मिश्र तुकड्यांपेक्षा पुढे होती. हा पुरावा बाजूला सारता येत नाही. तरीही आपल्या गावांत कायमच्या तुकड्या पाडू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. कोणाच्या घरात पुस्तक आहे आणि कोणाचे आईवडील उसाच्या तोडीला जातात, त्याच रेषेवर त्या तुकड्या पडतील आणि मुलं ती रेषा आयुष्यभर लक्षात ठेवतील. वाचनाचा एक तास स्तराप्रमाणे, उरलेला दिवस मिश्र, हा हरियाणाचा मध्यममार्ग शहाणपणाचा आहे. खेळ, प्रकल्प, परिपाठ, परिसर अभ्यास यांत मुलं मिश्रच हवीत.

दोनशिक्षकी शाळेत

महाराष्ट्रातल्या पहिली ते चौथीच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत शिक्षक दोनच असतात, वर्ग आधीच एकत्र बसतात. इथे इयत्ता मोडणं सोपं, कारण ती अर्धी मोडलेलीच आहे. पहिलीला वगळून दुसरी ते चौथीचे दोन गट करावेत. एका शिक्षकाकडे प्रारंभिक आणि अक्षर, दुसऱ्याकडे शब्दापासून पुढची सगळी मुलं. पहिलीची मुलं अक्षर-गटाच्या खोलीतच एका बाजूला चित्रं आणि मातीकाम घेऊन बसू शकतात. एक शिक्षक रजेवर किंवा बैठकीला असेल त्या दिवशी तास रद्द न करता गोष्ट वाचणारं एकेक मूल अक्षर-गटातल्या तिघांना वाचून दाखवेल, एवढं ठरवून ठेवावं. मात्र मोठ्या मुलांना रोजचे मदतनीस करू नये, त्यांचाही तो शिकण्याचा तास आहे.

फेरचाचणीच्या दिवशी पहिल्या कागदाशेजारी नवा कागद ठेवून पाहावं. बहुतेक मुलं एक पायरी तरी सरकलेली असतात. लागोपाठ दोन फेऱ्यांत जागचं न हललेलं मूल दिसलं, तर आधी हजेरीपट काढावा. हजेरी चांगली असेल तर त्याला फळ्यापासून लांब उभं करून डोळे तपासावेत, पाठीमागून हळू हाक मारून कान तपासावेत, आणि शंका आली तर आरोग्य केंद्रात पाठवावं. तेही ठीक असेल तर घरी कोणती भाषा बोलतात ते विचारावं. मेळघाटातल्या कोरकू किंवा सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या मुलाला ‘घर’ हा शब्द फोडून वाचता आला, तरी तो शब्द त्याच्या घरात कुणी उच्चारत नसेल तर वाचल्याचा काही उपयोग त्याला होत नाही. अशा मुलाचा गट बदलू नये. त्याच्या शेजारी बसून त्याच्या भाषेतले दहा शब्द त्याच्याकडून ऐकावेत, देवनागरीत लिहून द्यावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याला तेच वाचायला लावावेत.